ढील

'गळाला लागणे' हा वाक्प्रचार मराठीत कधीच चांगल्या अर्थाने येत नाही. भोळे गिऱ्हाईक दुकानदाराच्या गळाला लागते, नवखा मतदार पुढाऱ्याच्या गळाला लागतो, आणि उपवर मुलगा... पण ते असो. गळ टाकून बसणारा माणूस आपल्या बोलण्यात एक तर कावेबाज असतो, नाही तर निरुद्योगी. त्यातून महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या मराठी गृहस्थाला शोभणारे छंद ठरलेले आहेत: गणेशोत्सवातील नाटक बसविणे, दिवाळी अंकांची वर्गणी गोळा करणे, आणि वर्षातून एकदा गावाकडच्या आठवणीने व्याकूळ होणे. या यादीत गळ बसत नाही. आणि आम्ही जेव्हा असा खुलासा करतो की, आम्ही मासा धरतो तो गांडुळाने नव्हे किंवा कणकेच्या गोळीनेही नव्हे, तर माशीने, तेव्हा डेहराडूनच्या आमच्या मराठी मंडळींच्या मुद्रेवर एकच भाव उमटतो: याच्या बाबतीत कुठे तरी माशी शिंकलेली दिसते!

ही माशी खरी नव्हे. लहानशा गळावर मोरपिसाचे तंतू, कोंबड्याच्या मानेवरची पिसे, सशाचे केस असे काहीबाही रेशमाच्या धाग्याने गुंडाळून ती घरी, रात्री दिव्याच्या उजेडात बांधावयाची. तिला वजन असे जवळजवळ नसतेच. साधा गळ टाकणारा मनुष्य शिशाच्या गोळीच्या जोरावर दोरी लांब फेकतो. इथे फेकावयाचे वजन गळापाशी नसून दोरीतच असते. नव्वदएक फूट लांबीची ती जाडसर दोरी नऊ फुटी लवचीक काठीने आधी मागे उडवावयाची, ती मागे पूर्णपणे उलगडेपर्यंत क्षणभर थांबावयाचे, आणि मग पुढे सोडावयाची. तो क्षणाचा थांबा ज्याला साधला नाही, त्याच्या दोरीचा गुंता त्याच्याच टोपीवर येऊन पडतो. दोरीच्या पुढच्या टोकाला पाण्यात दिसू नये असा बारीक तंतू, आणि त्याला माशी. मागच्या टोकाला, चक्रीच्या पोटात, दीड-दोनशे यार्ड बारीक दोरा आणखी गुंडाळलेला असतो. इंग्रज त्याला 'बॅकिंग' म्हणतात. आम्ही त्याला पाठराखीण म्हणतो. नववधूबरोबर सासरी जाते ती पाठराखीण. एरवी तिला काही काम नसते. पण प्रसंग पडला म्हणजे सारी भिस्त तिच्यावर. आमची ही पाठराखीणही महिनोन् महिने चक्रीच्या अंधारात कोरडी पडून असते. ती उजेडात येते एकाच वेळी, मोठा मासा धावतो तेव्हा.

ही विद्या मुळात ट्राउट आणि सॅमन या माशांच्या थंड मुलखातली. सॅमनची कथा मोठी विलक्षण आहे. तो जन्मतो नदीत, वाढतो समुद्रात, आणि एक ते तीन वर्षे समुद्रात काढून विणीसाठी पुन्हा आपल्या जन्मनदीत परततो. नदीत शिरल्यावर तो अन्न घेणे सोडतो. समुद्रात कमावलेल्या चरबीवरच पुढचा सारा प्रवास आणि संसार पार पाडतो. म्हणजे मासा उपवासाला बसलेला, आणि त्याच्यापुढून आपण पिसांची माशी न्यावयाची! तरीही तो ती धरतो. राग म्हणा, बालपणीची सवय म्हणा, कुतूहल म्हणा; या कोड्याचे सर्वांना पटेल असे उत्तर अद्याप कोणी दिलेले नाही. एकदा धरली, की मात्र समुद्राची सारी ताकद दोरीवर येते. स्कॉटलंडमधील टे, स्पे आणि ट्वीड या नद्यांकाठी याच धावेच्या गोष्टी पिढ्यान् पिढ्या सांगितल्या जातात. टे नदीत १९२२ सालच्या ऑक्टोबरात जॉर्जिना बॅलंटाइन या तरुणीने ६४ पौंडांचा सॅमन काढला. तो माशीवर नव्हे, आमिषावर लागला होता. दिवस मावळता मावळता लागलेला हा मासा पुढे दोन तास अंधारात तिला आणि तिच्या वडिलांना नावेसह नदीभर फिरवीत होता. ब्रिटनमधला काठीवर धरलेला सर्वांत मोठा सॅमन म्हणून त्याचा मान आजही अबाधित आहे. शेवटी तो इस्पितळातील रुग्णांच्या पानात गेला.

इंग्रज इकडे आले तेव्हा आपल्या काठ्या, चक्र्या आणि सॅमनच्या आठवणी घेऊन आले, आणि हिमालयाच्या पायथ्याशी किंवा कावेरीकाठी उभे राहून 'सॅमनसारखे काही' शोधू लागले. त्यांना महाशीर सापडला. मद्रास इलाख्यात मुलकी नोकरीत असलेल्या हेन्री सलिव्हन टॉमस यांनी १८७३ साली या विषयावर जाडजूड ग्रंथच लिहिला, आणि झुंजीत महाशीर सॅमनच्याही पुढे आहे, असा निवाडा देऊन स्कॉटलंडची लाज घालविली. जिम कॉर्बेट यांच्या कुमाऊँतील नरभक्षक वाघांवरच्या १९४४ सालच्या प्रसिद्ध पुस्तकात वाघांच्या गर्दीत एक प्रकरण निव्वळ एका माशाचे आहे; तो मासा महाशीरच.

पण या छंदाचे सारे श्रेय साहेबाला देऊन टाकण्याचे कारण नाही. मराठी वाङ्मयाच्या इतिहासात ज्या 'मानसोल्लास' ग्रंथाचे नाव त्यातील जुन्या मराठी पदांमुळे आदराने घेतले जाते, त्या कल्याणीच्या चालुक्य राजा तिसऱ्या सोमेश्वराच्या बाराव्या शतकातील ग्रंथात 'मत्स्यविनोद' असे स्वतंत्र प्रकरण आहे. माशांच्या जाती, त्यांचे खाद्य, दोरी, काठी यांचा त्यात विचार केलेला आहे. राजाने मन रमविण्यासाठी ज्या गोष्टी कराव्यात, त्यांत गळ टाकणेही येते. मराठी मंडळात कोणी फारच चेष्टा करू लागले, की आम्ही सोमेश्वराला पुढे करतो. 'तो राजा होता,' असे उत्तर मिळते, आणि त्यावर बोलण्यासारखे काही उरत नाही.

महाशीर हे नाव कसे पडले याविषयी मतभेद आहेत. कोणी म्हणतात मोठे शिर म्हणून महाशीर. कोणी म्हणतात मोठे खवले म्हणून महाशल्क. कोणी फार्सीतील 'माही' म्हणजे मासा आणि 'शेर' म्हणजे वाघ यांचा समास सोडवून दाखवितात. ज्याच्या चक्रीवरून त्याने एकदा दोरा नेला आहे, त्याला तिसरी व्युत्पत्ती पटते. कुळाने तो रोहूचा आणि कटल्याचा भाऊबंद. जबड्यात दात नाहीत. दात आहेत ते घशात, आणि तिथे गळ सापडला तर तो तारेसारखा वाकवितो. ओठ जाड, कातड्यासारखे. अंगावर सोनेरी झाक, पाठ हिरवट, परांना तांबूस-पिवळा रंग. सॅमनसारखा तो उपाशी नसतो. शेवाळ, पाण्यात पडलेली फळे, किडे, लहान मासे, काहीही त्याला चालते. सॅमनसारखा तो पाण्याबाहेर उड्याही सहसा घेत नाही. तो फक्त धावतो. हिमालयातील या सोनेरी महाशीराची शास्त्रीय नोंद गंगेच्या माशांवरील आपल्या ग्रंथात फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी १८२२ साली केली. त्याचा दख्खनी भाऊ १८३९ साली कर्नल साइक्स यांनी पुण्याजवळच्या मुळा-मुठेच्या पाण्यातून नोंदविला, आणि इथल्याच देशी नावावरून त्याला 'खुद्री' हे शास्त्रीय नाव दिले. म्हणजे येरवड्याच्या डोहापासून गढवालच्या संगमापर्यंत हा मासा आपल्याला अनोळखी नाही. अनोळखी आहे ती त्याची धाव.

ती पाहावयाची तर व्यासघाटासारख्या ठिकाणी जावे लागते. देवप्रयागला भागीरथी आणि अलकनंदा एक होऊन गंगा खाली येते, आणि थोड्या अंतरावर डाव्या हाताने नयार तिला मिळते. गंगा हिमनद्यांची, थंड, भारदस्त. नयार झऱ्यांवर आणि पावसावर पोसलेली, उबदार, नितळ, लहान. पावसाळ्यात नयारला पूर आला की गंगेतले महाशीर तिच्यात शिरून वर चढतात, दगडगोट्यांच्या उथळ पाण्यात वीण करतात, आणि पाऊस ओसरू लागला की पुन्हा गंगेकडे उतरतात. सॅमनचा समुद्र तो याची गंगा, आणि सॅमनची जन्मनदी ती याची नयार. आश्विन-कार्तिकात संगमावर दोन पाण्यांची रेघ स्पष्ट दिसते: एका बाजूला करडे-हिरवे, दुसऱ्या बाजूला काचेसारखे. त्या रेघेच्या कडेला, खडकाच्या आडोशाला, उतरून आलेले मोठे मासे थांबलेले असतात. परवाना काढून, पाण्यात मांडीपर्यंत उभे राहून, आम्ही ती रेघ माशीने झाडून काढतो. सकाळी दोनशे वेळा, संध्याकाळी दोनशे वेळा. बहुतेक दिवशी काही होत नाही. हे 'काही न होणे' किती तपशीलवार असते, ते न केलेल्या माणसाला समजावून सांगता येत नाही.

एका कार्तिकात, उन्हे कलत असताना, ते झाले. माशी पलीकडच्या प्रवाहात पडून बाक घेत खडकाच्या कडेने आली, आणि अर्ध्यावर थांबली. ओढ नाही, झटका नाही. फक्त दोरी जिथे असावयास हवी तिथे नव्हती. अशा वेळी नवखा माणूस काठी वर उचलतो. तसे न करता डाव्या हाताने दोरी सरळ आपल्याकडे ओढावयाची असते. ती ओढली, आणि पलीकडे काहीतरी जड, जिवंत वस्तू आमच्या ओढण्याचा विचार करीत आहे असे जाणवले. तो विचार फार तर एका श्वासाइतका टिकला असेल. मग मासा निघाला.

पहिल्या दोन पळांत सारे ठरते. पायांपाशी पाण्यावर तरंगणारी सैल दोरीची वेटोळी एकेक करून उडून जातात. त्यांतले एखादे वेटोळे बुटाला, गुंडीला किंवा चक्रीच्या मुठीला अडकले, की तंतू तुटला म्हणून समजावे. बोटांतून दोरी अशी जाते की कातडी भाजते. ती संपली की चक्री बोलू लागते. आधी तुटक, मग सलग, आणि मग कर्कश एका सुरात. तिच्या मुठीला त्या वेळी हात लावू नये. गरगरत्या मुठीने बोटांची पेरे फोडून घेतलेले बहाद्दर आम्ही पाहिले आहेत. नव्वद फूट दोरी कधी संपली ते कळले नाही. पाठराखीण उजेडात आली. पांढरी, बारीक, मांज्यासारखी ताठ. ती पाण्याला जिथे छेदत होती तिथे पाण्याची एक लहानशी फणी उभी राहिली होती, आणि ती फणी खालच्या खळाळाकडे पळत होती.

"ढील, ढील!" आमचा गढवाली सोबती काठावरून ओरडला. त्याला आम्ही 'भैजी' म्हणतो. म्हणजे त्याच्या बोलीत थोरला भाऊ. वयाने तो आमच्याहून लहान. पण नदीवर थोरला तोच. त्याने वापरलेला शब्द ऐकून आम्हांला संक्रांतीची गच्ची आठवली. बडोद्याला किंवा अहमदाबादेला ज्यांचे बालपण गेले त्यांना हे सांगणे नको. पतंग चढविताना थोरला भाऊ फिरकी धरून मागे उभा असतो, आणि पेच पडला की तोच ओरडतो, ढील दे! जो घाबरून खेचतो त्याचा पतंग कटतो. वाऱ्याच्या ताकदीपुढे धागा टिकतो तो घट्ट आहे म्हणून नव्हे. सैल होण्याची त्याला मुभा आहे म्हणून. आमच्या तंतूचे बळ सात-आठ किलोंचे. मासाही अंदाजे तितक्याच वजनाचा. पण त्याच्या बाजूला सबंध गंगा होती. त्याला थांबविणे आमच्या हाती नव्हते. चक्रीचा दाब जरा वाढवावा, तर तंतू तुटणार. जरा सोडावा, तर दोरी सैल पडून गळ निसटणार. या दोहोंच्या मधली जी जागा आहे तिचे नाव ढील. ढील म्हणजे सोडून देणे नव्हे. सोडून दिलेल्या दोरीला पलीकडचे काही कळत नाही. ढील दिलेल्या दोरीतून आम्हांला माशाच्या शेपटीचा प्रत्येक फटका मनगटात कळत होता; तो खडकाला वळसा घालीत आहे, तो तळाशी जात आहे, तो क्षणभर थांबला आहे, हे डोळ्यांना काहीही दिसत नसताना कळत होते.

मग धावणे आले, आमचे. चक्रीच्या पोटातले लाकडासारखे पिवळे आवरण दिसू लागले म्हणजे उभे राहून चालत नाही. वाळू, मग गोटे, मग हत्तीएवढ्या शिळा. काठी उंच धरून, भैजीच्या आधाराने, आम्ही नदीकाठाने खाली धावत होतो. पन्नाशी उलटलेला गृहस्थ, कमरेपर्यंत ओला, एका न दिसणाऱ्या जिवाच्या मागे धावतो आहे, हे दृश्य पलीकडच्या काठावरून जाणाऱ्या गवताचे भारे घेतलेल्या बायकांनी थांबून पाहिले, आणि त्या मनमोकळेपणी हसल्या. हसण्यासारखेच होते. कोणी कोणाला धरले आहे, असा प्रश्न तिथे कोणालाही पडला असता.

खळाळाच्या तोंडाशी मासा थांबला. महाशीर आपले सर्वस्व पहिल्या धावेत खर्च करतो. त्यानंतर आणखी दोन धावा झाल्या. पण प्रत्येक आधीच्या निम्म्याने. मधे तो एका शिळेमागे दगडासारखा बसून राहिला. तेव्हा काठी आडवी करून, बाजूने ताण देऊन, त्याचे डोके वळवावे लागले. एकदा डोके वळले की माशाचे बळ त्याच्याच विरुद्ध जाते. अखेर तो उथळ पाण्यात आला. कलत्या उन्हात त्याची कूस वळली, आणि काशाच्या परातीवर ऊन पडावे तसा प्रकाश क्षणभर पाण्याखाली चमकला. त्याला पाण्याबाहेर काढलाच नाही. गळाला काटेरी अढी ठेवलेली नव्हती. बोटांच्या एका हालचालीने तो निघाला. मग प्रवाहाकडे तोंड करून, पोटाखाली एक हात आणि शेपटीपाशी दुसरा ठेवून, त्याचे कल्ले नीट चालू लागेपर्यंत आम्ही त्याला धरून बसलो. धरून म्हणणेही खरे नव्हे, नुसता आधार. दोन-तीन मिनिटांनी हातांत पुन्हा तेच बळ जमू लागले, आणि तो गेला. घाईने नव्हे, आपल्या चालीने.

बडोद्याची आमची मावशी त्याच सुमारास बदरीनाथाचे दर्शन घेऊन परतताना आमच्याकडे उतरली होती. परतीच्या गाडीपूर्वी तिला ऋषीकेशच्या घाटावर नेले. तिथे यात्रेकरू माशांना कणकेच्या गोळ्या घालतात. मावशीने गोळ्या टाकल्या, आणि पाणी उसळले. "किती हावरी रे ही!" असे म्हणत ती लहान मुलीसारखी हसत होती. यांतलेच काही महाशीर असतात, आणि अशाच एकाला आम्ही नुकताच व्यासघाटी धरून सोडला, असे आम्ही कौतुकाने सांगितले. मावशीचे हसू थांबले.

"सोडायचाच होता, तर धरलास कशाला?"

"धावतो कसा ते पाहायला, मावशी."

"तो धावला नाही रे, तो पळाला. धावणं वेगळं, जिवाच्या भीतीनं पळणं वेगळं. धरून खाणारा कोळी मला कळतो. न धरणारा वारकरीही कळतो. तुझं हे मधलं काय, ते काही कळत नाही बाबा."

मावशीचा युक्तिवाद शास्त्रानेही खोडून काढता येत नाही. उलट शास्त्र अलीकडे तिच्याच बाजूला सरकले आहे. माशाला वेदना नसतात, असे गळकऱ्यांची परंपरा सोयीस्करपणे सांगत आली. २००३ साली स्कॉटलंडमधील रोझलिन संस्थेतील संशोधकांनी रेनबो ट्राउटच्या तोंडाभोवती इजेची जाणीव करून देणारे मज्जातंतू असल्याचे दाखवून दिले. त्या जाणिवेला माणसाच्या अर्थाने वेदना म्हणावे की नाही, याचा वाद विद्वानांत चालू आहे. पण 'त्याला काही कळतच नाही' असे म्हणण्याची सोय उरली नाही. आम्ही जे करतो ते पुण्य नव्हे. 'पकडून सोडणे' याला भूतदयेचे नाव देणारे लोक आम्हांला मावशीइतके सरळ वाटत नाहीत. तंतू शक्य तितका बळकट लावणे, म्हणजे झुंज लांबत नाही. गळाची अढी ठेचून टाकणे. माशाला छायाचित्रासाठी हवेत न धरणे. उन्हाने पाणी तापले असता आणि विणीच्या महिन्यांत काठी बाहेर न काढणे. हे नियम आम्ही पाळतो. नियमांनी अपराध लहान होतो. नाहीसा होत नाही.

गळकऱ्यांच्या बाजूने एक गोष्ट मात्र सांगितली पाहिजे. डोंगरातल्या नद्यांवर सुरुंग फोडून किंवा विरंजक चूर्ण ओतून मासे मारण्याचे प्रकार होतात. सुरुंगाने एका क्षणात डोहाचा डोह पांढऱ्या पोटांनी भरून जातो. त्यांत बोटाएवढी पिलेही असतात. ज्या काठावर परवान्याचा पैसा गावात येतो आणि गावातल्या पोरांना वाटाड्याचे काम मिळते, त्या काठावर डोह राखणारे डोळे तयार होतात. कावेरीवर पूर्वी चोरून मासे मारणारे कित्येकजण पुढे गळकऱ्यांचे वाटाडे आणि नदीचे राखणदार झाले. आमचा भैजी रात्री संगमावरून आवाज आला तर कंदील घेऊन निघतो, तो काही आमच्यावरील प्रेमाखातर नव्हे. जिवंत महाशीर त्याला दरवर्षी उपयोगी पडतो म्हणून. ही प्रेरणा फार उदात्त नसेल. पण ती टिकाऊ आहे.

मात्र प्रेमानेही घात होतो, याचे उदाहरण कावेरीतच आहे. लोणावळ्याच्या वळवण तलावाकाठी टाटांच्या वीजकंपनीने १९७०च्या दशकापासून महाशीराची पैदास चालविली. लाखो पिले वाढविली, आणि ती देशभरातल्या पाण्यांत गेली. हेतू निर्मळ होता. पण आपल्या दख्खनी खुद्रीची पिले कावेरीत सोडली गेली, तिथे ती फोफावली, आणि त्या नदीचा मूळचा, पाठीला कुबड असलेला अजस्र महाशीर मागे हटत गेला. त्याचे नेमके शास्त्रीय नाव निश्चित झाले ते २०१८ साली, आणि त्याच वर्षी त्याची गणना अतिसंकटग्रस्त जातींत झाली. ज्या माशाच्या धावेच्या कथा टॉमसच्या काळापासून सांगितल्या गेल्या, त्याचे बारसे आणि त्याच्या अंताची सूचना अशी एकाच वेळी आली. मासे मोजून सोडले म्हणजे नदी भरते, असे नाही.

आम्हांला कित्येकदा वाटते, महाशीराच्या धावेचे रहस्य त्याच्या शेपटीत नाही. ते नदीच्या लांबीत आहे. जो मासा दर पावसाळ्यात पुराच्या तोंडावर कोसचे कोस चढून जातो, त्याच्या अंगात ती धाव मुरलेली असते. आमच्या चक्रीवरून जे शंभर-दीडशे यार्ड जातात, ते त्या मोठ्या धावेचे एक लहानसे टोक. ते टोक आमच्या बोटांना भाजते म्हणून आम्हांला तिची कल्पना येते, इतकेच. आता देवप्रयागच्या वर भागीरथीवर टिहरीचा २६०.५ मीटर उंचीचा बांध २००६ सालापासून काम करीत आहे. त्याच्याआधी ब्यास नदीवर १९७४ साली पौंग धरण पुरे झाले. महाकाली नदीवर पंचेश्वरला, जिथे शरयू येऊन मिळते आणि जिथले महाशीर गळकऱ्यांत विख्यात आहेत, त्याहूनही उंच धरणाची योजना भारत आणि नेपाळ यांच्यातील १९९६च्या करारापासून कागदावर आहे. आमच्या घरातला दिवा, ज्याच्या उजेडात आम्ही माशी बांधतो, तोही अशाच एखाद्या धरणावर जळत असेल. तेव्हा धरणांना शिव्या देऊन हात झटकण्याचा अधिकार आम्हांला नाही. पण बांधाशी येऊन थांबलेल्या माशाचे काय होते, हे पाठराखीण उजेडात आलेली ज्याने पाहिली आहे त्याला सांगावे लागत नाही. ती नदीला दिलेली खेच आहे. मावशी म्हणते त्याप्रमाणे आम्ही एका माशाला घटकाभर पळविले असेल. बांध त्याला पुन्हा कधी धावूच देत नाही.

मावशीला आम्ही हे सारे पत्राने कळविले. तिचे उत्तर आले ते चार ओळींचे. प्रकृती ठीक आहे, पापड पाठविले आहेत, आणि धरणाचे तुझे म्हणणे पटले. पण माझ्या प्रश्नाला ते उत्तर नव्हे. खरेच आहे, ते उत्तर नव्हतेच. तिचा प्रश्न आम्ही काठीबरोबर घेऊन जातो. दरवर्षी काठी थोडी कमी निघते, आणि पाण्याकडे पाहत बसणे थोडे वाढते.

आषाढ लागला की काठी खुंटीला जाते. त्या दिवसांत एकदा तरी आम्ही व्यासघाटी जातोच. रस्ता दरडींनी बंद नसेल तर. नयार तेव्हा ओळखू येत नाही. चहाच्या रंगाची, फांद्या आणि फेस वाहून आणणारी, दोन्ही काठ खात येणारी. पाण्यात हाताचे बोट बुडविले तर दिसत नाही. भैजी छत्री घेऊन शेजारी उभा राहतो आणि वर, वळणाकडे, बोट दाखवितो. "चढत आहेत," तो म्हणतो. आम्हांला काहीच दिसत नाही. त्यालाही दिसत नसावे. आमच्या हातात काठी नसते, पाण्यात दोरी नसते, कोणाच्याही ओठात गळ नसतो. आणि त्या गढूळ पाण्याखाली सोनेरी मासे, कोणी पाठीमागे लागलेले नसताना, नदीच्या उगमाकडे धावत असतात.